गाडीची उंची कुणाच्या सोयीची?

दसऱ्याच्या आधीचा रविवार. गाड्यांच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. मुलगा, सून, तीन वर्षांचा नातू आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी असे एक कुटुंब गाडी पाहायला आले आहे. आजींना आधी सेडानमध्ये बसवले. बसताना त्या धपकन खाली गेल्या आणि उतरताना दोघांनी हात धरून ओढावे लागले. शेजारच्या उंच क्रॉसओव्हरमध्ये मात्र त्या कुणाचाही हात न धरता बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘हीच घे रे बाबा.’’ दहा मिनिटांत निर्णय झाला. तेवढ्या वेळात नातू गाडीच्या नाकासमोर उभा राहून तिच्या दिव्यांत आपले तोंड पाहत होता. चालकाच्या आसनावर बसलेल्या त्याच्या वडिलांना तो दिसत नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

असे प्रसंग आज घरोघरी घडत आहेत. आजींच्या गुडघ्यांनी दिलेला कौल चुकीचा नाही. मात्र गाडीची उंची आतल्या माणसाला काय देते आणि बाहेरच्या माणसाकडून काय घेते, हा हिशेब शोरूममध्ये मांडला जात नाही. तो समजून घ्यायचा, तर क्रॉसओव्हरने जिची जागा घेतली त्या स्टेशन वॅगनपासून सुरुवात करावी लागेल.

लांब गाडी मागे का पडली?

स्टेशन वॅगन म्हणजे साध्या मोटारीचेच छत शेवटपर्यंत सरळ नेऊन मागे मोठा दरवाजा लावलेली गाडी. रेल्वे स्थानकावरून प्रवासी आणि त्यांचे सामान नेणारी, म्हणून अमेरिकेत तिला हे नाव पडले. गाडी लांब, पण जमिनीलगत. क्रॉसओव्हरही मोटारीच्याच सांगाड्यावर बेतलेली असते. तिची उंची मात्र एसयूव्हीसारखी वाढवलेली असते. १९९४ मध्ये जपानमध्ये आलेली टोयोटाची आरएव्ही-४ ही या प्रकारातील सुरुवातीची गाजलेली गाडी.

अमेरिकेत वॅगन मागे पडण्यात कायद्याचाही वाटा होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे इंधन बचतीचे नियम आले. वॅगन ही ‘मोटार’ ठरली, त्यामुळे तिला कडक निकष लागू झाले. मिनीव्हॅन आणि एसयूव्ही ‘हलके ट्रक’ ठरल्याने त्यांना सवलत मिळाली. कंपन्या सवलतीच्या बाजूला झुकल्या आणि ग्राहकही त्यांच्यामागे गेले. जर्मनी व स्वीडनमध्ये मात्र वॅगन आजही कुटुंबाची गाडी म्हणून टिकून आहे.

भारतात १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटाची इंडिगो मरीना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा गाड्या येऊन गेल्या. एकीनेही मूळ धरले नाही. अनेक ग्राहकांना ती मालवाहू गाडीसारखी वाटे. त्यातच २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. लांबी हाच जिचा गुण, तिला ही सवलत मिळणे अवघड होते. लांबीला कात्री लागली आणि कंपन्यांनी गाडी वरच्या दिशेने वाढवली. खड्डे, उंच गतिरोधक आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी यांमुळे जमिनीपासूनचे अंतर जास्त असणे ही आपल्याकडे खरीच सोय आहे, हेही मान्य केले पाहिजे.

गुडघ्यांचा हिशेब

आजींना सेडानमधून उठवेना, यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघा जास्त वाकतो. वाकलेल्या गुडघ्यावर शरीर उचलताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना मोठे बळ लावावे लागते आणि तो दाब गुडघ्याची वाटी व तिच्यामागच्या कूर्चेवर येतो. संधिवातात ही कूर्चा आधीच झिजलेली असते. सेडान किंवा वॅगनची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटरच्या आसपास असते, तर क्रॉसओव्हरची त्याहून दहा-पंधरा सेंटीमीटर उंच. एवढ्या फरकानेही उठणे पुष्कळ सोपे होते. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला तर पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त न वाकवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. खोल बैठकीत तो पाळणे जवळजवळ अशक्य.

पण जास्त उंच म्हणजे जास्त सोयीचे, असेही नाही. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीला फार उंच गाडीत चढताना एक पाय वर उचलून दुसऱ्या पायावर सगळा भार तोलावा लागतो. उतरताना तळवे जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे घसरून उतरावे लागते. वृद्धांत खुब्याचे हाड मोडायला एवढे निमित्त पुरते. योग्य उंची ओळखण्याची खूण सोपी आहे: बैठकीच्या कडेवर आडवे बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यांपेक्षा वर जाता कामा नयेत. बसण्याची पद्धतही महत्त्वाची. आधी गाडीकडे पाठ करून बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यावेत. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत गुडघा पिळवटतो.

यातली मुख्य गोष्ट अशी, की बैठकीची उंची आणि बॉनेटची उंची या दोन वेगळ्या बाबी आहेत. १९९८ मध्ये आलेली सँट्रो आणि त्यानंतरची वॅगनआर या उभट बांध्याच्या छोट्या गाड्यांनी उंच बैठक दिली; त्यासाठी गाडीचे नाक भिंतीसारखे उभे करावे लागले नाही.

डिकी आणि कंबर

वॅगनची खरी ताकद तिच्या डिकीत आहे. लांब, सपाट आणि खालच्या पातळीवरची जागा. घडीची चाकांची खुर्ची साधारण १५ ते २० किलो वजनाची असते. ती जमिनीवरून उचलून, कमरेत वाकून, हात पुढे ताणून आत ठेवणे हे मणक्यांमधील गादीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे काम. कारण वजन शरीरापासून जितके लांब, तितका कण्यावरचा ताण वाढतो. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या प्रसिद्ध सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली जाते. वाकणे, वळणे आणि हात ताणणे यांनी ती झपाट्याने खाली येते.

येथे दोन्ही गाड्यांचे गुणदोष आहेत. जड वस्तू जमिनीवरून वॅगनमध्ये ठेवताना कमी उचलावी लागते आणि तिची डिकी बहुधा कडेशी सपाट असल्याने वस्तू सरकवता येते. क्रॉसओव्हरच्या उंच डिकीतून भाजीची पिशवी काढताना मात्र कमी वाकावे लागते. खरी अडचण चार मीटरच्या मर्यादेत बसवलेल्या आखूड डिकीची. त्यात सामान थरावर थर रचले जाते आणि आसनाच्या पाठीच्या वर जाते. अपघातात गाडी क्षणार्धात थांबते, पण न बांधलेले सामान थांबत नाही. वर ठेवलेली दहा किलोची बॅग किंवा छोटा ऑक्सिजन सिलिंडर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोराने मागच्या प्रवाशांच्या डोक्यावर आदळू शकतो. जड सामान खाली, आसनाला टेकवून आणि बांधून ठेवावे, हा नियम दोन्ही गाड्यांना लागू आहे.

घाटातली वळणे

गाडी वळणावर उलटण्याची शक्यता मुख्यतः दोन मापांवर ठरते: दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की जो आकडा येतो, तो स्थिरतेचा निर्देशांक. चाकांमध्ये १५० सेंटीमीटर अंतर असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ५४ सेंटीमीटरवर असेल तर हा आकडा सुमारे १.४ येतो, तोच ६५ सेंटीमीटरवर गेला तर सुमारे १.१५. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनानुसार साध्या मोटारींचा निर्देशांक १.३ ते १.५ आणि एसयूव्ही, पिकअप, व्हॅन यांचा १.० ते १.३ असतो. गाडी घसरू लागताच चाकांना स्वतंत्र ब्रेक लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणालीने हा धोका बराच कमी केला आहे. टपावर सामान चढवले की मात्र उंच गाडी आणखी वरजड होते.

घाटात मुलांना गाडी लागते, त्याचाही उंचीशी संबंध आहे. वळणावर गाडी झुकते तेव्हा उंच बसलेल्याचे डोके जास्त हेलकावते. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हा हेलकावा मेंदूला कळवते. मोबाइलवर खिळलेले डोळे मात्र सगळे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मुलाला बाहेर लांबवर पाहायला लावणे आणि वळणे सावकाश घेणे हा त्यावर बिनखर्चाचा उपाय.

उंचीचा आणखी एक परिणाम चालकाच्या ध्यानात येत नाही. डोळे जमिनीपासून जितके वर, तितका रस्ता संथ सरकल्यासारखा भासतो. सिम्युलेटरवरील प्रयोगांत उंच बसलेले चालक नकळत अधिक वेगाने गाडी चालवताना आढळले आहेत.

नाकासमोरचा माणूस

आता बाहेरच्या माणसाकडे वळू. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि दुचाकीस्वार ७४ हजारांहून अधिक.

बसक्या गाडीची धडक प्रौढ माणसाच्या पायाला बसते. गुडघ्याखालची हाडे मोडतात, माणूस बॉनेटवर लोळतो. इजा गंभीर असते, पण धडकेतील बरीचशी ऊर्जा पायांत आणि बॉनेटच्या पत्र्यात जिरते. उंच, उभ्या नाकाची गाडी धडकते ती कटीला, पोटाला किंवा छातीला. तेथे यकृत, प्लीहा, फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. प्रौढाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली असतो. धडक त्याच्या वर बसली तर माणूस बॉनेटवर न येता पुढे फेकला जातो आणि चाकाखाली येण्याचा धोका वाढतो. एक मीटर उंचीच्या मुलाच्या बाबतीत तर ही धडक थेट छाती व डोक्यावर.

अमेरिकेतील वाहन विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे बॉनेट सुमारे १०० सेंटीमीटरपेक्षा उंच होते, त्या गाड्यांच्या धडकेत मृत्यूची शक्यता ७५ सेंटीमीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. मधल्या उंचीच्या गाड्यांत नाक उभे असेल तर धोका वाढलेला दिसला. उतरते असेल तर फारसा नाही. म्हणजे उंचीइतकाच आकारही निर्णायक आहे. शोरूममध्ये ज्याचे ‘दमदार लूक’ म्हणून कौतुक होते, तो हाच उभा चेहरा. त्यावर लोखंडी गार्ड बसवला की पादचाऱ्याची इजा आणखी वाढते. असे गार्ड बेकायदा आहेत आणि २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यांवर कारवाई करायला सांगितले होते.

गाडी घेताना

आज भारतात वॅगन घ्यायची म्हटली तरी पर्याय नसल्यातच जमा. त्यामुळे क्रॉसओव्हर घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वॅगनकडून शिकण्यासारखे एकच: गरजेपुरतीच उंची घ्यावी. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत बुटक्या अशा दोघांनाही प्रत्यक्ष बसवून-उतरवून पाहावे. रिकामी डिकी पाहून समाधान मानू नये. रोज न्यायची खुर्ची किंवा बॅग सोबत नेऊन आत ठेवून पाहावी. स्थैर्य प्रणाली आहे का, हे विचारावे. दोन गाड्या सारख्याच पसंत पडल्या तर उतरत्या बॉनेटची निवडावी. सुरक्षेचे तारे जरूर मोजावेत, पण ते मुख्यतः आत बसलेल्यांविषयी सांगतात हे लक्षात ठेवावे.

शेवटची चाचणी बादलीची. घरी वापरतो तशी एक बादली गाडीच्या नाकाला खेटून ठेवावी. एकाने चालकाच्या आसनावर बसावे आणि दुसऱ्याने ती बादली हळूहळू पुढे न्यावी. बादली दिसू लागेपर्यंत जेवढी पावले मोजली गेली, तेवढ्या पट्ट्यात बसलेले किंवा वाकलेले मूल चालकाला दिसणार नाही. हीच चाचणी मागच्या बाजूनेही करावी. गाडी कोणतीही असो, सोसायटीच्या आवारात ती सुरू करण्यापूर्वी एकदा तिच्याभोवती फेरी मारावी आणि घरातील मूल कुणाच्या तरी हाताशी आहे याची खात्री करावी. यासाठी अर्धा मिनिट पुरतो.