यंत्र नव्हतंच, आत माणूस बसला होता!

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांना बघायचं होतं, की ऐकून टाइप करणाऱ्या यंत्रावर लोक पत्रं लिहितील का? पंचाईत एवढीच, की तसं यंत्र अस्तित्वातच नव्हतं. मग शक्कल लढवली. माणूस माइकसमोर मजकूर सांगायचा, दुसऱ्या खोलीतला टायपिस्ट तो टाइप करायचा आणि अक्षरं स्क्रीनवर उमटायची. ठरलेल्या शब्दसंग्रहाबाहेरचा शब्द आला, की नुसत्या फुल्या! (यंत्राचा अडाणीपणासुद्धा मुद्दाम ठेवला होता, हे मला सगळ्यात भारी वाटतं.)

या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात. आवाजाच्या जोडीला हातवारे आले की ती जास्तच कामी येते. ‘हे तिकडे ठेव’ म्हणताना बोट शब्दाआधी उठतं की नंतर, हे कोडची एक ओळ न लिहिता दिसतं. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी १९८० मध्ये आवाज आणि बोट एकत्र वापरणारी खरीखुरी यंत्रणा दाखवली होती, पण तेवढा खटाटोप पहिल्याच दिवशी कशाला?

घरी हा प्रयोग करायचा तर मित्राला आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवर बसवा, टीव्हीला जोडलेला वायरलेस माउस त्याच्या हातात द्या; तुम्ही बोलाल, बोट दाखवाल, तसा तो चालवेल. पथ्य एकच: त्याने हुशारी दाखवायची नाही. आज्ञा आधी ठरवलेल्या यादीत नसेल तर स्क्रीन ढिम्म.