वाडा वाचविला, पण विश्वस्तांसाठी नियम कोणते?

आमच्या गावातील एक जुना वाडा त्याच्या आजच्या मालकांनी सार्वजनिक न्यासाच्या स्वाधीन करण्याचे ठरविले आहे. दोन चौकांचा, सागवानी तुळयांचा हा वाडा. त्याच्या सोप्यात एके काळी गावातले पहिले वाचनालय भरत असे आणि माजघरातील पेट्यांत चार पिढ्यांचे दप्तर अद्याप पडून आहे. मालकांची मुले परगावी स्थायिक झाली आहेत. वाडा पाडून तेथे चार मजली इमारत उभारण्याचा मोह टाळून त्यांनी तो गावाला देऊ केला, ही गोष्ट सध्याच्या दिवसांत असामान्यच म्हटली पाहिजे. त्यानिमित्त भरलेल्या सभेत उत्साहाला उधाण आले होते. संग्रहालयाला नाव कोणते द्यावे, उद्घाटनास कोणाला पाचारण करावे, दर्शनी भिंतीवर कोणाचे तैलचित्र लावावे, यावर दोन तास चर्चा झाली. वाड्याचा कारभार कोणी पाहावयाचा आणि कोणत्या नियमांनी, हा प्रश्न मात्र सभा संपता संपता निघाला. तो अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडे सोपवून मंडळी चहाकडे वळली. नियमावलीचा मसुदा करण्याचे काम अशा रीतीने प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आले.

सभेत एक वयोवृद्ध गुरुजी होते. त्यांच्याविषयी गावात सर्वांनाच आदर आहे. ते म्हणाले, "अहो, आपण सारी घरचीच माणसे. नियम हवेत कशाला? नियम म्हणजे अविश्वास." या उद्गारांना टाळ्या पडल्या. गुरुजींच्या या आक्षेपाचा विचार केवळ आमच्या गावापुरता मर्यादित नाही, म्हणून तो येथे मांडीत आहे.

एका घराची कथा

शेजारच्या तालुक्यात एका साहित्यिकाचे घर होते. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी त्याचाही असाच न्यास झाला. सात विश्वस्त, सातही सज्जन आणि सातही आजन्म. त्यांतील तिघे कालवश झाले, एक मुलाकडे परदेशी गेले. रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत, कारण त्या कोणी व कशा भरावयाच्या हे न्यासपत्रात लिहिलेलेच नव्हते. ज्यांच्या सहीने पैसे निघत ते दोघेही निवर्तले, तेव्हा बँकेने नव्या सह्यांसाठी धर्मादाय कार्यालयातील बदलाची नोंद मागितली. तसा बदल अर्ज वर्षानुवर्षे कोणी दाखलच केला नव्हता. खात्यात पैसे होते, पण कौले शाकारण्यासाठी ते काढता येईनात. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा सोपा कोसळला. हस्तलिखिते भिजू नयेत म्हणून एका विश्वस्ताने ती घरी नेली. हेतू चांगलाच होता; परंतु यादी केलेली नसल्याने त्यांच्या पश्चात काय नेले आणि काय परत आले हे सांगण्यास कोणीच उरले नाही. या संबंध कथेत एकही चोर नाही. सद्भावना भरपूर होती. तिला धरून ठेवणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

पोटोमॅकच्या काठावरील घर

याच्या उलट, वास्तू वाचविण्याचा उत्साह आणि ती चालविण्याचे नियम यांची सांगड आरंभीच घालणारी एक संस्था अमेरिकेत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे पोटोमॅक नदीकाठचे घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोडकळीस आले होते. ते विकत घेण्यास ना केंद्र सरकार पुढे आले, ना व्हर्जिनिया राज्य. १८५३ मध्ये साउथ कॅरोलिनातील ॲन पामेला कनिंगहॅम या बाईंनी वृत्तपत्रातून स्त्रियांना आवाहन केले. त्यातून माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. तिने दोन लाख डॉलरांना घर व सभोवतालची दोनशे एकर जमीन घेण्याचा करार १८५८ मध्ये केला आणि १८६० मध्ये ताबा घेतला. राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकारही ज्यांना नव्हता, अशा स्त्रियांनी हे केले हे विशेष.

परंतु त्याहून विचार करण्याजोगी आहे ती त्यांची व्यवस्था. संस्थेला व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडून सनद मिळाली. मुख्य कार्यवाहक बाईंना 'रीजंट' म्हणावयाचे आणि निरनिराळ्या राज्यांतून एकेक 'व्हाइस रीजंट' घ्यावयाची, त्यामुळे घर एका कुटुंबाचे वा एका प्रांताचे होण्यास वाव राहिला नाही. गव्हर्नरने नेमलेल्या अभ्यागत मंडळाने येऊन पाहणी करावी आणि संस्था संपुष्टात आल्यास वास्तू राज्याकडे जावी, अशीही तरतूद झाली. या रचनेची कसोटी लगेच लागली. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. घरापासून काही मैलांवर दोन्ही सैन्ये वावरत होती. संस्थेची उत्तरेकडील सचिव सारा ट्रेसी आणि व्हर्जिनियाचाच असलेला व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट यांनी घर सांभाळले. येणाऱ्या सैनिकाने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, शस्त्र बाहेर ठेवावे असा दंडक होता. देश दुभंगला, पण घर तटस्थ राहिले. आजही हे घर त्याच संस्थेकडे आहे आणि ती सरकारी अनुदान न घेता कारभार चालविते.

या संस्थेत उणिवा नव्हत्या असे मात्र नाही. १७९९ मध्ये वॉशिंग्टन निवर्तले तेव्हा त्या जमिनीवर ३१७ गुलाम माणसे राहत व राबत होती. त्यांच्या दफनभूमीपाशी एक साधी शिला बसविली गेली ती १९२९ मध्ये, आणि त्यांचे यथोचित स्मारक उभे राहण्यास १९८३ साल उजाडले. तुळया शाबूत ठेवणारे नियम होते, परंतु घराची पूर्ण हकिकत सांगण्याचा आग्रह धरणारा नियम नव्हता. आमच्या वाड्यालाही हे लागू आहे. तेथील दप्तरात मालकांचा दानधर्म जसा आढळेल, तशीच वेठबिगारीची आणि सावकारीची नोंदही आढळेल. ती दाखवावयाची की झाकावयाची, हे देणगीदाराच्या वंशजांच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

आपला कायदा

आपल्याकडे कायदा नाही, अशी तक्रार कोणी करू नये. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. आता त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले आहे. त्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कळवावयाचे असते. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावयाचे असतात. गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याची आणि कोलमडलेल्या न्यासासाठी योजना आखून देण्याचीही सोय आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने वटहुकूम काढून तहहयात विश्वस्तांच्या संख्येवरही मर्यादा घातली.

मग उणीव कोठे आहे? कायदा पाया घालून देतो, पण त्यावर घर आपणच बांधावयाचे असते. तीन वर्षांचा भाडेपट्टा परवानगीवाचून देता येतो, म्हणून वाड्याची ओटी एखाद्या विश्वस्ताच्या मेहुण्याला दुकानासाठी देऊन मुदत संपताच पुन्हा तीच चाल खेळली गेली, तर ती ओटी गावाला परत कधी मिळणार? धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सबंध जिल्ह्यातील न्यासांची प्रकरणे असतात. गावातल्या एका ओटीवर त्यांचे लक्ष जाईल ते तक्रार झाल्यावरच. पहिला पहारा न्यासपत्राचाच हवा.

मसुद्यातील पाच कलमे

म्हणून मसुद्यात पाच गोष्टी घातल्या आहेत. पहिली, विश्वस्ताची मुदत पाच वर्षांची; लागोपाठ दोन मुदतींनंतर किमान एका मुदतीची विश्रांती. लहान गावात माणसे मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु जागा कधी रिकामीच होत नाही तेथे नवी माणसे तयार तरी कशी व्हावीत? देणगीदार कुटुंबाला एक जागा कायम राहील, बहुमत नव्हे.

दुसरी, विश्वस्ताने वा त्याच्या नातलगाने वाड्याशी भाडे, ठेका किंवा खरेदीविक्री यांचा कोणताही व्यवहार करू नये. यात अविश्वास नाही. फार जुने शहाणपण आहे. लंडनजवळच्या रमफर्ड येथील बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलाच्या वतीने एक विश्वस्त सांभाळीत होता. मुदत संपल्यावर मुलाच्या नावे पट्टा वाढवून देण्यास मालकाने नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. १७२६ मध्ये न्यायालयाने ठरविले की त्याचाही फायदा मुलाचाच. विश्वस्ताने लबाडी केली असे सिद्ध झाले नव्हते. तरीही अशा पट्ट्याला इतर कोणी हात लावला तर चालेल, विश्वस्ताने लावू नये, एवढा कडक दंडक न्यायालयाने घातला. कारण एकदा सवलत दिली की मालकाच्या नकारासाठी विश्वस्त पुरेसा झटला की नाही, हे कोणालाच पारखता येत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सभेत दहा लाखांचा कायम निधी जमविण्याचा संकल्प झाला. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सत्तर हजार मिळतील आणि ते सारे दुरुस्तीवर खर्च करता येतील, असा सर्वांचा हिशेब. पण लाकूड, चुना आणि सुताराची मजुरी दरसाल सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजच्या सत्तर हजारांत तेव्हा निम्मेच काम होईल. निधीची खरी किंमत टिकवावयाची तर व्याजातील साठ हजार पुन्हा निधीतच घालावे लागतील आणि हाती दहा हजार उरतील. एवढ्यात वाळवीचे औषधही पुरे पडणार नाही. म्हणून निधीवर विसंबून चालणार नाही. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी व सभागृहाचे भाडे यांतून नियमित उत्पन्न हवे आणि त्याचा ठरावीक हिस्सा प्रथम दुरुस्तीसाठी बाजूला पडला पाहिजे. न केलेली दुरुस्ती हेही कर्जच असते. ताळेबंदात ते दिसत नाही एवढेच.

चौथी, वाड्यातील प्रत्येक वस्तूची व कागदाची यादी; तिची एक प्रत जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. कोणतीही वस्तू वाड्याबाहेर जाईल तेव्हा दोन विश्वस्तांच्या सह्यांची पावती. दप्तर वाचून वाड्याचा इतिहास सांगण्याचे काम मंडळाबाहेरील अभ्यासकांकडे असावे.

पाचवी, वर्षातून एकदा जाहीर सभा. तपासलेला हिशेब वाड्याच्या दारावर आठ दिवस आधी लागावा आणि गावातील कोणाही नागरिकाला प्रश्न विचारता यावा. धर्मादाय आयुक्त दूर आहेत. गाव जवळ आहे.

गुरुजींना उत्तर

नियमांनी माणसे सुधारत नाहीत, हे गुरुजींचे म्हणणे मला मान्य आहे. नियमांचा अतिरेक झाला तर काम खोळंबते, हेही खरे. एक कौल बदलण्यास तीन ठराव लागू लागले तर नियमावलीच वाडा पाडील. म्हणून किरकोळ दुरुस्तीचा अधिकार एका कार्यवाहाकडे ठेविला आहे. परंतु नियम म्हणजे अविश्वास हे विधान मात्र पटत नाही. वर्गातील हजेरीपट विद्यार्थ्यांवरील संशयापोटी ठेवलेला नसतो, आणि पतपेढीतील कारकून रोख मोजून पावती देतो ती आपल्याला लबाड समजून नव्हे. पावती असते म्हणूनच पुढे तंटा होत नाही. नियमांची खरी गरज प्रामाणिक विश्वस्तालाच असते. आरोप झाला तर त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही असते. शिवाय आपण सारी घरचीच माणसे आहोत हे आज खरे आहे. पन्नास वर्षांनी त्या खुर्च्यांवर जे बसतील ते आपल्या ओळखीचे नसतील, आणि वाडा आपण त्यांच्यासाठीही राखतो आहोत.

येत्या रविवारी मसुदा सभेपुढे येईल. तहहयात विश्वस्तपदाची अपेक्षा धरून बसलेल्या एकदोघांचा विरोध होईल, असे दिसते. वाडा देऊ करणाऱ्या मालकीणबाईंना मी तो आधी वाचून दाखविला. पाच वर्षांच्या मुदतीचे कलम त्यांनी पुन्हा वाचावयास लावले आणि विचारले, "म्हणजे आमच्या मुलालासुद्धा उद्या वाडा विकता येणार नाही ना?" मी म्हणालो, "एकट्याला नाही. साऱ्या मंडळाला मिळूनही परस्पर नाही. आयुक्तांची परवानगी लागेल." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "मग लिहा तसेच."