कॉन्डो भाड्याने दिला, तर नुकसान कोणाचं?

मोजमाप करायच्या आधी आपण ठरवतो, नक्की काय मोजायचं. विमाही तसाच वाचायचा असतो. अमेरिकेतल्या कॉन्डोचं उदाहरण बघा. आपल्या सोसायटीतल्या फ्लॅटसारखंच: आतला भाग मालकाचा, छत, जिना, लिफ्ट सगळ्यांचं.

समजा, पाइप फुटून घरात पाणी शिरलं. इमारतीचा विमा, म्हणजे मास्टर पॉलिसी, असोसिएशन काढते. ती ‘बेअर वॉल्स’ प्रकारची असेल, तर आतली फरशी आणि किचनची कपाटं मालकाच्या माथी.

मालकाची नेहमीची पॉलिसी म्हणजे एचओ-६. खरी मेख तिच्या व्याख्येत आहे. ‘रेसिडेन्स प्रिमायसेस’ म्हणजे, थोडक्यात, तुम्ही स्वतः राहता ते घर. घर कायम भाड्याने दिलं आणि कंपनीला कळवून पुरवणी कलम जोडलं नाही, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. हप्ते वेळेवर भरलेले असले तरी!

भाडेकरूचं सामान मालकाच्या विम्यात धरत नाहीत. त्यासाठी त्याने स्वतःची एचओ-४ घ्यायची. आणि मास्टर पॉलिसी कमी पडली, तर उरलेला खर्च असोसिएशन सगळ्या मालकांवर वाटते. त्यासाठी एचओ-६च्या प्रमाणित मसुद्यात फक्त १,००० डॉलर धरलेले असतात. जास्त हवे तर वाढवून घ्यावे लागतात.

पेपर वाचतानाही हेच करा. निष्कर्षाकडे धावू नका, आधी व्याख्या वाचा. ‘रुग्ण’, ‘शेतकरी’, ‘कुटुंब’ म्हणजे लेखकाने नेमकं कोणाला धरलंय? जे व्याख्येतच बसत नाही, त्याबद्दल निष्कर्षही काही सांगत नाही.