डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, विझतो... आणि गॅरेजवाला म्हणतो '३५ हजार'!

लोकलमध्ये इयरफोन विसरलात, तर हा भाग वाचा. आजचा विषय पावसाळा संपला की हमखास येतो. काटई-बदलापूर रस्त्यावर खड्ड्यात चाक आपटलं, एबीएसचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, दिवा गायब. चार दिवसांनी पुन्हा हजर. गॅरेजमध्ये नेली, तर उत्तर आलं, "एबीएसचं मॉड्यूल गेलंय, ३५ हजार." आकडा उदाहरणादाखल घेतलाय. पण हो म्हणायच्या आधी काय तपासायचं?

आधी रंग बघा

लाल दिवा म्हणजे थांबा. ऑइलचा, इंजिन तापल्याचा किंवा हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा असेल, तर "घरापर्यंत नेतो" म्हणायचं नाही. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासा. त्यातही चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होतंय. तसंच दामटवलं तर सायलेन्सरच्या लाइनमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. नुसता एबीएसचा पिवळा दिवा असेल, तर साधा ब्रेक सहसा लागतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. त्यामुळे हळू चालवा. एबीएस आणि ब्रेकचा लाल, दोन्ही एकदम लागले तर गाडी बाजूला घ्या.

दिवा येतो-जातो का?

प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्याची वायर चाकासोबत सतत हलते, पुढच्या चाकांची तर स्टिअरिंगसोबत वळतेही. वायर आतून तुटत आलेली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल किंवा सेन्सरवर चिखल बसला असेल, तर सिग्नल मध्येच तुटतो. कॉम्प्युटर एबीएस बंद करून दिवा लावतो. पुन्हा सुरू करताना तपासणी होते, सिग्नल नीट आला की दिवा जातो.

म्हणजे येणारा-जाणारा दिवा बऱ्याचदा ढिल्या जोडाचा असतो. मॉड्यूलही बिघडू शकतं, नाही असं नाही. पण त्याचा नंबर वायर, कनेक्टर आणि सेन्सर तपासल्यावर.

आणि तीन-चार वेगवेगळे दिवे एकदम लागले तर? आधी बॅटरी बघा. टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं आहे का? गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. व्होल्टेज पडलं की धडधाकट पार्टसुद्धा तक्रार करतात.

आपल्या भागासाठी खास : जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती, आठवतंय ना? पुरात भिजलेल्या गाडीचे कनेक्टर आतून हळूहळू गंजतात. सेकंडहँड गाडी घेताना सीटखालचे कनेक्टर, कार्पेटखालचा पत्रा जरूर बघा.

कोड म्हणजे निकाल नव्हे

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. स्कॅनर लावला की कोड मिळतो. उदाहरणार्थ, सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये! वायर, कनेक्टर की सेन्सर, ते तपासूनच कळतं. आणि हो, ब्लूटूथवाला स्वस्त अडॅप्टर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो. एबीएससाठी पूर्ण स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा.

कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. पुसला की त्या क्षणाची नोंदही जाते. दिवा कधी लागला, पाऊस होता का, वळणावर होतात का, हे फोनमध्ये लिहून ठेवा. एक मात्र पाळा : एअरबॅगचा दिवा असेल, तर त्याच्या वायरींना स्वतः हात लावू नका.

गॅरेजवाल्याला शांतपणे विचारा

१. कोड कोणता, आत्ताचा की जुना?
२. वायर आणि कनेक्टर तपासले का? काय निघालं?
३. पार्ट नंबर आणि एमआरपी काय? मजुरी वेगळी लिहून द्याल?
४. काढलेला पार्ट परत मिळेल?
५. पार्ट बदलूनही दिवा आला तर?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तर टाळलं, तर तपासणीचे पैसे द्या, गाडी घ्या आणि उल्हासनगर किंवा अंबरनाथला दुसरीकडे दाखवा. वॉरंटी चालू असेल, तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

हा हक्काचाही मुद्दा आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, पण प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. फसवणूक झाली असं वाटलं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यासाठी लेखी एस्टिमेट आणि बिल हवंच. तोंडी हिशेबाला पुढे कोणी विचारत नाही.

तुमच्या डॅशबोर्डवर कोणता दिवा छळतोय? फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू. तोवर गाडी हळू, आणि पाकीट त्याहून हळू!