टीसी, हेराल्ड आणि उत्तनचा रस्ता

स्पोर्ट्स कार म्हटलं की हल्ली लोक आधी घोडे मोजतात. किती अश्वशक्ती, शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत, आवाज किती इमारतींपर्यंत ऐकू जातो. माझ्या लेखी यातलं काहीच महत्त्वाचं नाही. गाडी हलकी हवी, बुटकी हवी, दोघांपुरती असली तर उत्तम, आणि चालवणाऱ्याला तिने एक मिनिट रिकामं बसू देता कामा नये. चाळीस-पन्नास घोडे पुष्कळ झाले. हे मी गेली कित्येक वर्षं ऐकेल त्याला सांगत आलोय. यंदा दिवाळी अंकाचे संपादक तावडीत सापडले, इतकंच.

आपल्याकडे जुन्या गाड्यांवरचा लेख संस्थानिकांपासून सुरू करायची रीत आहे. रोल्स-रॉइस, डेमलर, चांदीचे दिवे, शिकारीच्या गाड्या. वाचकांनी ते सगळं शंभरदा वाचलंय, म्हणून मी ते ओलांडतो. अपवाद फक्त कोल्हापूरच्या मेबॅकचा. ती शाही दसऱ्याला छत्रपतींना घेऊन दसरा चौकात येते. वर्षातून एकदा का होईना, ती रस्त्यावर उतरते आणि स्वतःच्या इंजिनावर चालते. ज्या गाड्यांना महालातल्या संगमरवरी फरशीशिवाय दुसरा रस्ता माहीत नाही, त्या तिथेच सुखी असोत.

माझी गोष्ट एमजी टीसीपासून सुरू होते. इंग्लंडात एबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टीसी तयार झाल्या. १२५० सीसीचं इंजिन, ५४ घोडे, १९ इंची तारांची चाकं, पुढची काच आडवी पाडायची सोय. पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा, त्यामुळे अपघातानंतर डेंटरच्या आधी सुतार शोधावा लागतो. आपल्या दमट हवेत ते लाकूड सडतं आणि ॲश इथे मिळत नाही. मी पाहिलेल्या एका टीसीचा सांगाडा चक्क सागवानी आहे, आणि मूळ लाकडापेक्षा तोच जास्त टिकणार याबद्दल मला शंका नाही.

टीसीची एक गंमत फारसं कोणी सांगत नाही. चालवणाऱ्याच्या समोर जे मोठं घड्याळ आहे ते वेगाचं नाही, इंजिनाच्या फेऱ्यांचं आहे. वेगाचा काटा शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात. म्हणजे नवऱ्याने इंजिन ऐकत गाडी चालवायची आणि वेग बायकोने वाचायचा. संसारात एरवीही बहुधा असंच चालतं, म्हणून ही मांडणी मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

दुसरी गंमत पान्यांची. इंग्लिश गाडी म्हणजे विटवर्थ पाने, हे प्रत्येक जुन्या मिस्त्रीला पाठ. टीसीच्या इंजिनातल्या नटाच्या डोक्यालाही विटवर्थ पाना बरोबर बसतो. पण आतले आटे मेट्रिक! ज्याला हे ठाऊक नाही तो बाजारातून विटवर्थ बोल्ट आणतो, जोर लावून पिळतो आणि ब्लॉकचा आटा खाऊन टाकतो. कुर्ल्याच्या एका लेथवाल्याकडे अशा आटे गेलेल्या इंजिनांची रांग लागलेली मी पाहिली आहे.

आणि दोन एसयू कार्बोरेटर. त्यांचा मेळ बसवायला कुठलंही यंत्र लागत नाही, हातभर रबरी नळी पुरते. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुस्स आवाज सारखा आला की काम झालं. काशिमिऱ्याला एक मिस्त्री होते, ते हे काम डोळे मिटून करत. त्यांच्या गॅरेजात त्या वेळी बोलायला बंदी होती, गिऱ्हाइकालासुद्धा.

साहेब मायदेशी गेला तेव्हा यातल्या काही गाड्या मुंबईत राहिल्या आणि हातोहात फिरत राहिल्या. जुहूच्या धावपट्टीवर, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे असल्या गाड्या पळत. १९६८ साली तर जगच मुंबईत आलं. लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सुटल्या आणि काबूल, खैबर, दिल्ली करत मुंबईला पोचल्या. इथून त्या चुसान बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पुढे होती, जिंकली मात्र अँड्र्यू कॉवनची साधी हिलमन हंटर. त्या ताफ्यात एक एमजीबीही होती. मी तेव्हा शाळकरी होतो आणि धुळीने माखलेल्या त्या गाड्यांनी आमच्या पिढीतल्या काही पोरांचं कायमचं नुकसान केलं. डोकं पुन्हा जाग्यावर आलं नाही.

पुढची पंचवीस वर्षं थोडक्यात उरकतो, कारण त्यात उरकण्यासारखंच आहे. आयात बंद. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायची, त्या ज्यांना परवडत त्यांना परवडत. बाकीच्या बहुतेकांना अँबॅसिडर किंवा कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, तीही नंबर लावून. या दोन गाड्यांबद्दल सध्या सगळ्यांचेच डोळे भरून येतात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. ठीक आहे, चांगली गाडी होती. डुक्कर फियाटवर तर माझंही प्रेम आहे. पण त्या रडारडीत ज्या गाडीसाठी रडायला हवं होतं तिचं नाव कोणी घेतलं नाही.

ती गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इथे मी ऐसपैस बसणार आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी पान उलटावं.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली. रेखाटन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बनवली. दोन दारं, ९४८ सीसीचं इंजिन. पुढे चार दारांची मार्क थ्री आली. ती जगात फक्त आपल्याकडेच झाली आणि कुटुंबवत्सल लोकांसाठी होती, तिच्याबद्दल मी बोलत नाही. त्यानंतरच्या गझेलबद्दल तर मुळीच नाही.

'हेराल्ड कसली स्पोर्ट्स कार, ती तर डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची गाडी', असं म्हणणारे एक विद्वान आमच्या वर्तुळात आहेत. अनेक वर्षं म्हणताहेत. त्यांच्यासाठी हे पुन्हा लिहितो. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर, जिला सगळं जग स्पोर्ट्स कार मानतं, ती हेराल्डचीच चासी आखूड करून केलेली आहे आणि तिचं अंगही मिकेलोत्तीनेच रेखलं. हेराल्डचं इंजिन ज्या घराण्यातलं, ते ८०३ सीसीपासून सुरू झालं आणि वाढत वाढत १४९३ पर्यंत गेलं. ते शेवटचं इंजिन १९७४ पासून कोणत्या गाडीत बसवलं? एमजी मिजेटमध्ये. म्हणजे ज्या एमजीचा बिल्ला छातीवर लावून हे गृहस्थ रॅलीला येतात, त्या एमजीने अखेरीस आमच्या हेराल्डच्या घरात सोयरीक केली. यावर त्यांचं उत्तर अजून यायचंय.

हेराल्डचं बॉनेट उघडलेलं ज्याने पाहिलं नसेल त्याने काहीच पाहिलं नाही. मागच्या बाजूने दोन्हीकडच्या कड्या सोडायच्या आणि गाडीचं अख्खं तोंड, मडगार्डं आणि दिव्यांसकट, पुढे उलटायचं. इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन, सगळं उघडं. पुढच्या टायरवर बैठक मारून, चहाचा ग्लास चासीवर ठेवून काम करता येतं. पॉइंटमधली फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फिलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं. मी एका बड्या कंपनीच्या मॅनेजरचं कार्ड त्यासाठी जपून ठेवलं होतं. माझ्या माहितीत त्या कार्डाचा दुसरा काही उपयोग झाला नाही.

तिचं छप्पर नटबोल्टवर बसवलेलं असतं. चासी वेगळी असल्यामुळे छप्पर काढलं तरी गाडी वाकत नाही. त्यामुळे मुंबईत आणि पुण्यात बऱ्याच हौशी लोकांनी नोव्हेंबर लागला की छप्पर उतरवायचं आणि जूनच्या आधी पुन्हा चढवायचं, असा नेम ठेवला. परदेशी कन्व्हर्टिबलचं स्वप्न अशा रीतीने दोन पाने आणि दोन मित्रांच्या मदतीने साकार होत असे.

आणि वळणं. गाडी २५ फुटांत वळते, लंडनच्या टॅक्सीसारखी. भाईंदरच्या जुन्या गल्ल्यांत, जिथे रिक्षासुद्धा मागे घ्यावी लागते, तिथे हेराल्ड एका दमात फिरते. मागचा स्विंग ॲक्सल मात्र लहरी. ओल्या रस्त्यावर वळणात मध्येच पाय उचललात की मागचं चाक आत दुमडतं आणि शेपूट बाहेर पडते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात हलका पाय देत राहायचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मधे रेस द्यावी लागते. ते नेमकं जमलं की दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. ताशी तीसच्या वेगात एवढं सुख देणारी दुसरी गाडी मला दाखवा. ज्यांना दोनशेच्या वेगाशिवाय सुख मिळत नाही, त्यांनी ते घोडबंदर रोडवर कुठे शोधावं हे त्यांनीच ठरवावं.

कोकणपट्टीने नंतरच्या काळात दोन धाडसं केली, त्यांची नोंद हवी. नव्वदीच्या अखेरीस गोव्यातून सॅन स्टॉर्म आली: फायबरचं अंग, उघडं छप्पर, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० घोडे. माझ्या व्याख्येत तंतोतंत बसणारी, भारतात बनलेली दोन आसनी गाडी. लोकांनी पाहिली, कौतुक केलं आणि मारुती घेतली. मग अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या घाटाची रोडस्टर केली, दाराचीही चैन नाही, आणि पोटात अँबॅसिडरमध्ये असायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. त्या कारखान्याबद्दल मराठीत धड चार ओळी लिहिलेल्या नाहीत, ही आपल्या मोटारलेखनाची पत. आमचे मोटारलेखक जर्मन गाड्यांची माहितीपत्रकं मराठीत उतरवण्यात गुंतलेले असतात. २०२५ च्या जुलैत एमजीने सायबरस्टर आणली. दोन आसनं, उघडं छप्पर, पाचशे घोडे, विजेवर, पाऊण कोटीच्या घरात. वजन दोन टनांच्या आसपास. टीसीचं वजन ८०० किलोच्या आगेमागे होतं. याहून जास्त टीका मी करत नाही.

आता रडगाणं, ते टाळता येत नाही. रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेहून निघायचं. मुर्धा, राई, मोरवा, दोन्ही बाजूंना मिठागरं, मग डोंगरीची चढण, उत्तनला बांबूच्या परातीवर वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास आणि शेवटी चौकला धारावी किल्ल्यापाशी चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर गाडी लावून चहा. उघड्या गाडीसाठी मुंबईच्या आसपास याहून चांगला रस्ता नव्हता. आता त्याच रस्त्यावर सकाळपासूनच गोराईच्या रिसॉर्टांकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते आणि २०२५ मध्ये डोंगरीला मेट्रोच्या कारशेडचा वाद पेटला. पहाटे साडेपाचला निघालात तर अजून जमतं. सहाला नाही.

दुसरं दुखणं पेट्रोलचं. २०२३ पासून पंपांवर ई-२० आलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं. टाकीत महिनाभर पडून राहिलं तर कार्बोरेटरमध्ये पांढरी पूड जमते. नोंदणीचं नूतनीकरण २०२२ साली ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० झालं. आणि मीरा-भाईंदरला एमएच ५८ हा स्वतःचा नंबर मिळाल्याचा आनंद आमच्या जुन्या एमएच ०४ ला कसा होणार?

त्यात २०२१ चे व्हिंटेज नियम. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. वर अट अशी, की गाडी रोजच्या वापराला आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. म्हणजे कायद्याला पेट्रोल भरलेलं चालतं, जाळलेलं चालत नाही. आमच्यातल्या एका मित्राचा आवडता पंप त्याच्या घरापासून बराच लांब आहे, एवढंच लिहितो.

पण कायद्यापेक्षा माझा राग आहे तो ट्रेलरवाल्यांवर. रॅलीच्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून आणायची, मैदानाबाहेर उतरवायची, पिसाच्या झटकणीने पुसायची, मूळ स्क्रूचं मूळ डोकं कोणत्या दिशेला होतं यावर तासभर वाद घालायचा, चषक घ्यायचा आणि पुन्हा ट्रकवर. अशा गाडीचे सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टायर एका जागी चपटे होतात. उभ्या गाडीला जेवढा आजार होतो तेवढा चालत्या गाडीला कधीच होत नाही, हे गॅरेजातलं कोणतंही पोर सांगेल. आणि याच मंडळींमुळे सरकारचा असा समज झाला, की जुनी गाडी ही फक्त बघायची वस्तू आहे. तसा नियम त्यांनी केला तर दोष एकट्या सरकारचा नाही.

मीरा रोड, भाईंदर, वसईच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात अजून ताडपत्रीखाली हेराल्ड उभ्या आहेत. वडिलांची गाडी म्हणून विकवत नाही, आणि चालू करायचा धीर होत नाही. भंगारवाल्याचा फोन येण्याआधी त्या मालकांनी एवढं करावं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, खर्च फार नाही. ब्रेकचे सील नवे टाका, पॉइंट घासा, बॅटरी बदला. मग एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला उत्तनच्या रस्त्याला लागा. आणि चावी एकदा तरी मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या. पहिला गिअर कसा टाकायचा ते तुम्ही शेजारी बसून सांगा.