मँगनीजच्या पैशातली रसायनशाळा

सोयाबीनचा हंगाम लागला की वाशीम, रिसोड, कारंजाच्या बाजार समित्यांत पहिला प्रश्न ओलीचा. भाव तिच्यावर तुटतो. दाण्यात तेल किती, हे आडत्यापुढे कोणी विचारत नाही. ते मोजायला शिकवणारी विदर्भातली जुनी जागा नागपूरच्या अमरावती रोडवर आहे. 'तिथल्या नव्या विद्यापीठावर लिहा,' असं संपादकांनी सांगितलं. मी मात्र तेलाच्या प्रयोगशाळेतच रेंगाळलो.

इतिहास थोडक्यात असा. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले. इथलं खनिज तेव्हा बहुतांशी कच्चंच परदेशी पोलाद कारखान्यांकडे जाई. १९३० साली ते वारले. मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मिळाले, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे 'एलआयटी', उभी राहिली. २०२३ मध्ये ती नागपूर विद्यापीठातून वेगळी होऊन स्वतःच विद्यापीठ झाली.

मला खिळवलं ते सॉक्सलेटने. फ्रांझ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये रचलेलं हे काचेचं उपकरण. सोयाबीनचा भरडा कागदी नळकांड्यात ठेवायचा, खालच्या चंबूत हेक्झेन हे तेल विरघळवणारं द्रावक तापवायचं. वाफ वर जाते, थंड होऊन भरड्यावर ठिबकते. द्राव बाजूच्या वाकड्या नळीच्या माथ्यापर्यंत चढला की एका दमात सगळा खाली उतरतो, तेल घेऊन. चंबूतून पुन्हा उडतं ते फक्त हेक्झेन. तेल खालीच राहतं. पंप नाही, झडप नाही, तरी तासन्‌तास फेरे चालू. शेवटी हेक्झेन उडवून तेल तोलायचं: शंभर ग्रॅमला साधारण १८ ते २०.

कारखान्यातही तत्त्व हेच. नुसतं दाबून काढलं तर ढेपेत पाच-सात टक्के तेल अडकतं. हेक्झेनने एका टक्क्याच्या आत येतं. मुळात वीसच टक्के तेल असलेल्या दाण्यात हा फरक म्हणजे धंद्याचा नफा.

ही विद्या गावापर्यंत पोचेल का, ही काळजी नव्या विद्यापीठापाशी सुरू होते. स्वतंत्र विद्यापीठाला आपला खर्च भागवण्याची वाट आपणच शोधावी लागते. सगळ्यात सोपी वाट फीची, आणि ती सरकारच्या 'आकांक्षित', म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतल्या वाशीमच्या शेतकऱ्याच्या घरावरून जाते. दुसरी वाट उद्योगांच्या कामाची. पण मोठ्या कंपन्यांचे प्रश्न सोडवताना रिसोडच्या छोट्या तेलगिरणीचा प्रश्न कोण हाती घेणार? लक्ष्मीनारायण यांनी खाणीच्या नफ्यातून आणखी एक खाण घेतली नाही, कच्च्या मालाचं मोल वाढवणारी विद्या घेतली. नव्या विद्यापीठाचा हिशेब पदव्यांनी नव्हे, ती विद्या आडत्याच्या काट्यापर्यंत पोचते की नाही, यावर मांडायला हवा.