लाभार्थी कोणाचे, युद्ध कोणाचे?

अमेरिकी लोकशाहीचे अंतरंग : लेखांक सातवा

1964 सालच्या ऑगस्ट महिन्यात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तीन कागदांवर सह्या केल्या. 10 तारखेला टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव. त्याने आग्नेय आशियात हवे ते लष्करी पाऊल उचलायची मुभा त्यांना मिळाली. 20 तारखेला गरिबीविरोधी मोहिमेचा पाया ठरलेला आर्थिक संधी कायदा. आणि 31 तारखेला फूड स्टँपचा, म्हणजे गरिबांना किराणा घेण्यासाठी सरकारी कुपने देण्याचा कायदा. निवडणूक तोंडावर आली होती. अमेरिकेत आज जी दोन भांडणे काही केल्या मिटत नाहीत, त्यांचे धागे बरेचसे त्या एका महिन्यात जाऊन मिळतात. सरकारच्या पैशावर जगणारे कोणत्या पक्षाचे आणि कोणत्या वंशाचे, हे पहिले भांडण. युद्ध करणार नाही असे सांगून मते घेतली आणि मग देशाला युद्धात लोटले ते कोणत्या पक्षाच्या अध्यक्षाने, हे दुसरे. दिसायला ही भांडणे निराळी असली तरी त्यांत दोष एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. दोन्हींत माणसांची आणि नेत्यांची पक्षवार मोजदाद होते. पण ज्यांच्या मतांनी कायदा झाला, बदलला किंवा रखडला, ते लोकप्रतिनिधी हिशेबातून सुटतात.

आधी कुपनांचे पाहू. कायदा होण्यापूर्वी तीन वर्षे, केनेडींच्या काळात, ही योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली. 29 मे 1961 रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल कौंटीत, वेल्च या खाणगावी, पहिली कुपने दिली गेली. घेणारा काम गेलेला खाणकामगार होता. घरात पंधरा माणसे आणि हातात 95 डॉलरची कुपने. कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन ती द्यायला जातीने हजर होते, आणि त्या कुपनांवर पहिली खरेदी झाली ती बीन्सच्या एका डब्याची. कोळशाच्या खाणींत यंत्रे आली आणि माणसे रिकामी झाली, हे त्या घरच्या भुकेचे साधे कारण होते. 1950 मध्ये जवळपास एक लाख वस्ती असलेल्या या कौंटीत आता वीस हजारही माणसे उरलेली नाहीत. तिथे पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व होते. 2008 मध्येही बहुमत ओबामांना मिळाले. 2012 मध्ये तीच कौंटी रिपब्लिकन उमेदवार रोम्नींकडे वळली आणि 2016 मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मते ट्रम्प यांना पडली. आता या कौंटीतले लाभार्थी कोणत्या पक्षाच्या खाती टाकायचे? 2008 साली ज्याने ते डेमोक्रॅटांचे म्हणून मोजले असतील, त्याला चार वर्षांत तीच माणसे रिपब्लिकनांकडे मोजावी लागली असती. एवढ्या काळात ना खाणी पुन्हा उघडल्या, ना लोकांची नड भागली.

वंशाच्या मोजणीची गोष्ट याहून कडवट आहे. 1976 मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी झगडताना रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईचा किस्सा सभांमधून सांगत. 80 नावे, 30 पत्ते आणि वर्षाची करमुक्त कमाई दीड लाख डॉलर, असे तिचे वर्णन असे. बाई खरी होती, फसवणूकही खरी होती; पण न्यायालयात जो गुन्हा सिद्ध झाला तो काही हजार डॉलरच्या धनादेशांचा. रेगन यांना तिचा वंश सांगावा लागत नव्हता, तो श्रोते मनातल्या मनात भरून घेत. का, याचे उत्तर राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी शोधले. 1988 ते 1992 या काळातली मोठी वृत्तसाप्ताहिके त्यांनी चाळली, तेव्हा गरिबांच्या छायाचित्रांत 62 टक्के चेहरे कृष्णवर्णीयांचे निघाले. प्रत्यक्षात त्या वेळी देशातल्या गरिबांत त्यांचे प्रमाण 29 टक्के होते. चित्र इतके एकतर्फी असल्यावर मते एकतर्फी झाली यात नवल नाही. आजच्या सरकारी आकडेवारीत कुपने घेणाऱ्यांत सर्वांत मोठा गट गोऱ्यांचा आहे, एक तृतीयांशाहून थोडा अधिक. कृष्णवर्णीयांचा वाटा साधारण पाव. पण ‘घेणारे बहुतेक गोरेच’ असे म्हणून हात झटकणेही खरे नव्हे. कृष्णवर्णीय देशाच्या लोकसंख्येत 13 टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे लाभार्थ्यांत त्यांचे प्रमाण दुप्पट भरते. कारण त्यांच्यात गरिबी अधिक आहे. दोन्ही पक्षांचे वक्ते या आकड्यांतला सोयीचा अर्धा उचलतात. आणि ज्या आकड्याने वाद थोडा तरी शहाणपणाकडे वळला असता, तो कुणीच उचलत नाही : लाभार्थ्यांत सुमारे 40 टक्के मुले आहेत आणि 20 टक्के वृद्ध.

2012 च्या निवडणुकीत रोम्नींची 47 टक्केवाली चित्रफीत बाहेर आली. देणगीदारांसमोर ते म्हणाले होते की इतके लोक केंद्रीय प्राप्तिकर भरत नाहीत, सरकारवर विसंबून असतात आणि ते ओबामांनाच मत देणार. प्राप्तिकराचा आकडा जवळपास बरोबर होता. पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांच्या पगारातून निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्याचा कर कापला जात होता, आणि उरलेल्यांत मोठा भाग वृद्धांचा होता. त्याच वर्षी प्यू संशोधन केंद्राने पाहणी केली. केंद्राच्या सहा प्रमुख योजनांपैकी एखादीचा तरी लाभ घेतलेले लोक ओबामांच्या मतदारांत 59 टक्के निघाले आणि रोम्नींच्या मतदारांत 53 टक्के. फरक सहा टक्क्यांचा. एकट्या फूड स्टँपपुरते पाहिले तर तो वाढतो : डेमोक्रॅटांत 22 टक्के, रिपब्लिकनांत 10. म्हणजे कोणती योजना मोजायची हे ठरले की भांडणाचा निकालही ठरला. कॉर्नेल विद्यापीठाच्या सुझान मेट्लर यांनी तर दाखवून दिले की घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक ‘आम्ही सरकारी योजना कधीच घेतली नाही’ असे सांगतात. ती सवलत म्हणजे तिजोरीतून गेलेला पैसाच. फक्त तो रांगेत उभे राहून घ्यावा लागत नाही.

आता युद्धाकडे वळू. 21 ऑक्टोबर 1964 रोजी ओहायोतल्या ॲक्रन शहरात जॉन्सन यांनी सांगितले की आशियातल्या मुलांनी करायचे काम करायला अमेरिकी मुलांना घरापासून नऊ-दहा हजार मैलांवर पाठवायचा आमचा विचार नाही. 8 मार्च 1965 रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर 3,500 मरीन उतरले. वर्षअखेर व्हिएतनाममधले अमेरिकी सैन्य 1,84,000 झाले आणि 1968 मध्ये पाच लाखांच्या वर गेले. 1971 मध्ये पेंटॅगॉनची गुप्त कागदपत्रे फुटली तेव्हा कळले की प्रचाराच्या ऐन धामधुमीतही बॉम्बफेकीचे आराखडे चर्चेत होते. याआधी 1916 मध्ये विल्सन यांचा प्रचार ‘यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले’ या घोषणेवर झाला होता आणि पुढच्याच एप्रिलमध्ये देश पहिल्या महायुद्धात उतरला होता. 30 ऑक्टोबर 1940 रोजी बॉस्टनमध्ये रूझवेल्ट यांनी आईबापांना शब्द दिला की तुमची मुले परक्या युद्धात पाठवली जाणार नाहीत. हे तिघे डेमोक्रॅट. पण यादी एका पक्षाची नाही. 1968 मध्ये निक्सन सन्माननीय शांततेची ग्वाही देऊन निवडून आले आणि त्यानंतर त्या युद्धात आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. धाकट्या बुश यांनी 2000 च्या वादचर्चेत परदेशांत सैन्य पाठवून राष्ट्रउभारणी करायला विरोध केला आणि पुढे अफगाणिस्तान व इराक घडले.

इथे कुणी म्हणेल की परिस्थिती बदलली तर शब्द बदलणारच, आणि पर्ल हार्बरनंतर रूझवेल्ट यांनी दुसरे काय करायचे होते? हा आक्षेप रूझवेल्टपुरता मला मान्य आहे. देशावर हल्ला झाला होता आणि काँग्रेसने रीतसर मतदान करून युद्ध पुकारले. जॉन्सन यांचे तसे नाही. त्यांच्या हाती कोरा धनादेश आधीच आला होता आणि तो काँग्रेसनेच दिला होता : प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. विरोधात उभे राहिलेले वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग हे दोघेही जॉन्सन यांच्याच पक्षाचे. 1968 पर्यंत व्हिएतनामचे खरे रूप लोकांना दिसले होते. तरी त्या वर्षी दोघांचीही सिनेटमधली जागा गेली. होकार देणारे बहुसंख्य पुढेही निवडून येत राहिले आणि सगळा राग अध्यक्षावर निघाला. वचनभंगाची पक्षवार यादी करत बसल्याने नेमका हा भाग झाकला जातो.

काँग्रेसला ही चूक उमगली नाही असेही नाही. नोव्हेंबर 1973 मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तिने युद्धाधिकार कायदा केला. मंजुरीवाचून लढाईत सैन्य साठ दिवसांहून अधिक ठेवता येऊ नये, असा त्याचा गाभा. पण कायद्याचा अंमल करायला मतदान करावे लागते आणि मतदान केले की नाव नोंदले जाते, म्हणून सदस्य ते टाळू लागले. ओबामांनी डिसेंबर 2007 मध्ये उमेदवार म्हणून लिहून दिले होते की देशावर प्रत्यक्ष वा तातडीचा धोका नसताना अध्यक्षाला एकट्याने लष्करी हल्ला करायचा अधिकार नाही. मार्च 2011 मध्ये लिबियावर हल्ला झाला तो काँग्रेसच्या मंजुरीवाचून. आणि साठ दिवस उलटल्यावर त्यांच्या सरकारने युक्तिवाद केला की ही कायद्याला अभिप्रेत असलेली लढाईच नव्हे. 2013 मध्ये सीरियावर हल्ल्यासाठी मात्र ते मंजुरी मागायला गेले, आणि काँग्रेसच्या कोणत्याही सभागृहाने त्यावर पूर्ण मतदान घेतले नाही.

सीरियाच्या बाबतीत जनमताचे जे झाले ते जरा जवळून पाहावे असे आहे. 2013 आणि 2017, दोन्ही वेळा निमित्त एकच, असद राजवटीने केलेला रासायनिक अस्त्रांचा वापर. 2013 मध्ये ओबामांनी हल्ला करावा का, या प्रश्नाला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि एबीसीच्या पाहणीत 22 टक्के रिपब्लिकनांनी होकार दिला. एप्रिल 2017 मध्ये ट्रम्प यांनी हल्ला केला तेव्हा 86 टक्के रिपब्लिकन पाठीशी उभे राहिले. डेमोक्रॅट 38 वरून 37 वर, म्हणजे जिथल्या तिथे. यावरून डेमोक्रॅट तत्त्वनिष्ठ ठरतात असे कुणी समजू नये. इराक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरणारी त्यांची गर्दी ओबामा निवडून येताच कशी पांगली, याचा मायकेल हीनी आणि फॅबिओ रोहास यांनी सविस्तर अभ्यास केला आहे. अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवण्याची घोषणा झाली तेव्हा ती गर्दी परतली नव्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे ही वृत्ती दोन्हीकडे आहे, आणि तिचा फायदा प्रत्येक अध्यक्षाला मिळतो.

मग दोन्ही पक्ष सारखेच का? मुळीच नाही, आणि माझे म्हणणे तसे समजले गेले तर मला वाईट वाटेल. फरक आहे, मोठा आहे, पण तो मतदानाच्या नोंदीत शोधावा लागतो. 1996 मध्ये गरीब कुटुंबांच्या रोख मदतीची जुनी हमी मोडणारा कायदा रिपब्लिकनांनी आणला, सही क्लिंटन यांनी केली आणि प्रतिनिधिगृहातले डेमोक्रॅट 98 विरुद्ध 98 असे दुभंगले. राज्यांना द्यायची रक्कम वर्षाला सुमारे 1,650 कोटी डॉलरवर गोठवली गेली. महागाई वाढली, रक्कम वाढली नाही. तेव्हा 100 गरीब कुटुंबांपैकी 68 जणांना रोख मदत पोहोचत होती, 2020 मध्ये जेमतेम 21 जणांना. लाभार्थी गोरे की काळे, या वादाच्या गदारोळात मदत आटत गेली.

युद्ध आणि मदत यांचा संबंध केवळ उपमेचा नाही. 4 एप्रिल 1967 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी तो उघड मांडला होता : गरिबीविरोधी मोहिमेचा पैसा आणि बळ व्हिएतनाम गिळत आहे. आज उलट बाजूनेही पाहावे लागते. 2001 नंतरच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या उपचारांचा आणि अपंगत्व-भत्त्यांचा खर्च 2050 पर्यंत 2.2 ते 2.5 लाख कोटी डॉलर होईल, असा अभ्यासक लिंडा बिल्म्स यांचा अंदाज आहे. त्यांतले काही माजी सैनिक कुपनांवरही जगतात. धडधाकट प्रौढांनी महिन्याला 80 तास काम दाखवावे, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने कुपने मिळतील, या अटीतून 2023 च्या कर्जमर्यादेवरील तडजोडीत माजी सैनिकांना वगळले होते. 4 जुलै 2025 च्या कायद्याने ती सूट काढून घेतली. प्रतिनिधिगृहात तो 218 विरुद्ध 214 मतांनी मंजूर झाला होता. सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर 1 जुलैला उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने तरला होता. त्याच्या चारच दिवस आधी, 27 जूनला, सिनेटपुढे दुसरा ठराव होता. नवी युद्धे सुरू करणार नाही असे विजयाच्या रात्री सांगणाऱ्या ट्रम्प यांनी इराणच्या तीन अणुकेंद्रांवर काँग्रेसला न विचारता बॉम्ब टाकले होते. यापुढचा हल्ला मंजुरीवाचून होऊ नये असा डेमोक्रॅट सिनेटर टिम केन यांचा ठराव 47 विरुद्ध 53 मतांनी पडला. केंटकीचे रिपब्लिकन रँड पॉल यांनी ठरावाच्या बाजूने आणि कायद्याच्या विरोधात मत दिले. पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट जॉन फेटरमन कायद्याच्या विरोधात होते, पण ठरावाच्याही विरोधात होते. बाकी सगळ्यांची मतेही नावानिशी नोंदलेली आहेत, आणि 2026 मध्ये त्यांतल्या अनेकांना पुन्हा मते मागायला यायचे आहे.